लांब साखळी, आखूड साखळी: साबणाचं आणि चपलेच्या सोलचं गणित

गटाच्या बैठका आटोपून, चुलीवरचं उतरवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही साबणाबद्दल बोलणार आहोत. साबण करायला तुमच्यापैकी पुष्कळजणी शिकल्या आहेत, काही गट तो बाजारात विकतातही. म्हणून आज पहिल्यापासून कृती सांगत बसत नाही. तेल बदललं की साबण का बदलतो आणि कॉस्टिक सोड्याचं माप का बदलावं लागतं, हे आज समजून घेऊ.

याची गरज कुठे पडते ते आधी सांगतो. खोबरेल महागलं की गटाच्या बैठकीत एक सूचना हमखास येते. "खोबरेलाच्या जागी पामतेल घालू या, बाकी कृती तीच ठेवू." ऐकायला सोपं वाटतं, खर्चही वाचतो. पण बाकी कृती तीच ठेवली तर साबणात कॉस्टिक शिल्लक राहतं. अशी वडी हाताला चरचरते, लहान मुलाच्या अंगाला लागली तर कातडी लाल होते. गिऱ्हाईक एकदा दुखावलं की परत येत नाही आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून तेलाच्या पोटात काय असतं ते माहीत हवं.

तेल म्हणजे साखळ्यांचा साठा असं समजा. मोगऱ्याचा गजरा डोळ्यांसमोर आणा. एकेक फूल ओवत गेलं की गजरा होतो. तेलातल्या साखळीत फुलांच्या जागी कार्बन नावाचे कण एकामागे एक ओवलेले असतात. कुठल्या साखळीत १२ फुलं, कुठल्या साखळीत १६, कुठल्या साखळीत १८. तेलात अशा तीन-तीन साखळ्या एकत्र बांधलेल्या असतात. कॉस्टिक तो बांध सोडवतं आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला स्वतः चिकटतं. कॉस्टिक चिकटलेली साखळी म्हणजेच साबण. बांध सुटल्यावर जे मोकळं होतं ते ग्लिसरीन. तेल-तुपात असे आम्लांचे प्रकार असतात हे फ्रान्समधल्या शेव्ह्रल नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे २०० वर्षांपूर्वी साबणाचा अभ्यास करतानाच शोधून काढलं.

आता कुठल्या तेलात काय आहे ते पाहू. खोबरेलातल्या जवळजवळ निम्म्या साखळ्या १२ फुलांच्या असतात. १४ फुलांच्याही बऱ्याच, आणि थोड्या ८ व १० फुलांच्या अगदी आखूड. पामतेलात १६ फुलांच्या सुमारे ४४ टक्के, बाकी बहुतेक १८ फुलांच्या. शेंगदाणा, सूर्यफूल, करंज या तेलांत मुख्यतः १८ फुलांच्या. आपल्या कोकमाच्या बियांचं तूप निघतं, त्यातही बहुतेक सगळ्या १८च्याच. एरंडेलात १८ फुलांचीच, पण वेगळ्या घडणीची साखळी जवळजवळ ९० टक्के असते. थोडक्यात, खोबरेल हे आखूड साखळ्यांचं तेल आणि बाकीची बहुतेक लांब साखळ्यांची.

याचा कॉस्टिकशी काय संबंध? परत गजऱ्याकडे या. समजा दोघींना एकेक किलो मोगरा दिला. एकीने वीतभर लांबीचे गजरे केले, दुसरीने हातभर. कुणाचे गजरे जास्त होतील? वीतभरवालीचे. आणि प्रत्येक गजऱ्याला एक गाठ मारायची तर कुणाला जास्त गाठी लागतील? तिलाच. कॉस्टिक म्हणजे ती गाठ. तेलाचं वजन सारखं असलं तरी आखूड साखळ्यांच्या तेलात साखळ्यांची संख्या जास्त, म्हणून कॉस्टिकही जास्त लागतं.

आता वही-पेन घ्या, आकडे सावकाश सांगतो. १ किलो खोबरेलाला कॉस्टिक सोडा सुमारे १८३ ग्रॅम लागतो. १ किलो पामतेलाला सुमारे १४१ ग्रॅम. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाला १३५च्या आसपास. एरंडेलाला सुमारे १२८ ग्रॅम. साबण सौम्य राहावा म्हणून आलेल्या बेरजेतून ५ टक्के कमी करायचे. म्हणजे १ किलो खोबरेलाला १८३ऐवजी १७४ ग्रॅम घालायचे.

आता तीच बैठकीतली सूचना तपासू. खोबरेलाचे १७४ ग्रॅम तसेच ठेवले आणि तेल मात्र १ किलो पामचं घातलं. पामतेलाची गरज पुरती धरली तरी १४१. म्हणजे ३३ ग्रॅम कॉस्टिक साबणात उरलं. ते महिनाभर वाळवलं तरी कुठे जाणार? वडीतच राहणार. उलट चूकही होऊ शकते. पामतेलाच्या मापाचं कॉस्टिक खोबरेलाला घातलं, तर पुष्कळ तेल तसंच उरतं. वडी तेलकट, मऊ राहते आणि काही दिवसांनी तिला खवट वास येतो.

हे झालं मापाचं. आता साबण मळ कसा काढतो आणि त्यात साखळीच्या लांबीचं काय काम, ते पाहू.

साबणाच्या साखळीचा स्वभाव दुहेरी असतो. कॉस्टिक चिकटलेलं टोक पाण्याच्या ओढीचं, ते तिचं डोकं. उरलेली शेपटी तेलाच्या ओढीची, तिला पाणी सोसत नाही. पाण्यात अशा साखळ्या थोड्याच असल्या तर त्या इकडेतिकडे फिरतात. पण त्यांची संख्या ठराविक मर्यादेच्या पुढे गेली की त्या आपोआप फेर धरतात. शेपट्या सगळ्या आत, एकमेकींच्या आडोशाला. डोकी सगळी बाहेर, पाण्याकडे. कुणी त्यांना ओळीत उभं करत नाही, कुणी हाताने रचत नाही. एकाच साखळीत दोन स्वभाव असल्यामुळे ती रचना आपली आपण होते. याला आपण स्वयंजुळणी म्हणू. या फेराला शास्त्रात मिसेल म्हणतात. शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये वापरतात त्या १२ फुलांच्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या एका फेरात साधारण ६० साखळ्या असतात. अंगावरचं तेल, भांड्याचा ओशटपणा या फेराच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. साबणाचे कण असे एकत्र येतात ही कल्पना मॅकबेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१३ साली मांडली, तेव्हा ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकवत होते.

आता लांबीचा परिणाम. साखळीत एक फूल वाढलं की फेर धरायला लागणारी मात्रा साधारण निम्म्यावर येते. दोन वाढली तर पाव. १२ फुलांच्या जागी १६ फुलांची साखळी आली तर मात्रा साधारण सोळावा हिस्सा पुरते. मग वाटेल, लांब साखळीच चांगली, साबण कमी लागेल! पण लांब साखळीला दुसरी अडचण आहे. तिच्या शेपट्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की गार पाण्यात सुटतच नाहीत. १८ फुलांची सरळ साखळी नीट विरघळायला सुमारे ७० अंशांचं कढत पाणी लागतं. १२ फुलांची मात्र साध्या कोमट पाण्यात मोकळी होते. म्हणून खोबरेलाच्या साबणाला हात लावताच फेस येतो.

शेंगदाणा आणि करंज तेलातल्या बऱ्याच साखळ्या १८ फुलांच्या असूनही पातळ का? त्यांच्या मधोमध एक बाक असतो. बाक असलेल्या साखळ्या सरळ काड्यांसारख्या एकावर एक रचत नाहीत, म्हणून त्या गार पाण्यातही सुटतात. पण त्यामुळेच त्यांची वडी मऊ होते. कोकमाच्या तुपात सरळ साखळ्या निम्म्याहून जास्त, म्हणून ते घट्ट आणि त्याची वडीही टणक.

अगदी आखूड साखळ्यांचंही ऐका. ८ आणि १० फुलांच्या साखळ्या सहज विरघळतात, पण फेर धरायला त्या पुष्कळ लागतात, आणि कातडीला त्या कडक. नुसत्या खोबरेलाच्या साबणाने अंग कोरडं पडतं, ओढल्यासारखं वाटतं, त्याचं एक कारण हे. दुसरं असं की १२ची साखळी इतकी जोरात काम करते की मळाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही काढून नेते. कपडे धुवायला हा गुण चांगला, अंगाला तेवढा नको.

किनारपट्टीच्या गावांसाठी अजून एक गोष्ट. मचूळ किंवा जड पाण्यातले क्षार साबणाच्या साखळीला धरतात आणि पांढरा साका करतात. बालदीच्या कडेला चिकटतो तोच तो. लांब साखळ्या या तावडीत लवकर सापडतात, आखूड त्या मानाने तग धरतात. खोबरेलाचा साबण समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून जहाजावरच्या माणसांसाठी मुद्दाम तसा साबण करत. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर खोबरेल अगदीच कमी करून चालणार नाही.

म्हणजे आखूड साखळी झटकन फेस देते, लांब साखळी वडीला टणकपणा आणि टिकाऊ साईसारखा फेस देते, बाकदार साखळी कातडीला सौम्य. एकाच लांबीच्या साखळ्यांचा साबण कुठेतरी कमी पडतोच. निसर्गातल्या कुठल्याही तेलात एकाच लांबीच्या साखळ्या नसतात, आणि आपण तेलं मिसळून ती सरमिसळ आपल्याला हवी तशी जमवतो.

हाच नियम साबणाबाहेरही चालतो, म्हणून जरा आपल्या पायाकडे बघू या. बाजारात चपला-बुटांना टीपीआर सोल असतो, दुकानदार तोच शब्द वापरतो. लवचीक, न घसरणारा, रबरासारखा. हा सोल बहुधा ज्या पदार्थाचा असतो त्याची साखळी साबणापेक्षा कितीतरी लांब, हजारो कणांची. पण स्वभाव तसाच दुहेरी. तिचे तीन तुकडे असतात. दोन्ही टोकांना कडक प्लॅस्टिकचा तुकडा, थर्माकोल ज्यापासून बनतो तेच पॉलिस्टायरीन. मधला लांब तुकडा रबराचा. वेगवेगळ्या तुकड्यांच्या अशा साखळीला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. आपण तिला तुकड्यांची साखळी म्हणू.

कडक आणि रबरी या तुकड्यांचं एकमेकांशी पटत नाही. तेल आणि पाणी असतं तर वेगळं होऊन दोन थर झाले असते. पण इथे दोघं एकाच साखळीत जखडलेले, लांब जाता येत नाही. मग कडक टोकं जवळच्या जवळ गोळा होतात आणि रबराच्या मध्ये बारीक बारीक गाठी तयार होतात. एका केसाच्या जाडीत अशा दोन-अडीच हजार गाठी ओळीने मावतील, इतक्या त्या बारीक. या गाठी रबराला धरून ठेवतात, म्हणून सोल ताणला तरी परत जागेवर येतो. तापवलं की गाठी सैल होतात आणि माल साच्यात ओतता येतो, निवला की परत घट्ट. म्हणूनच असा सोल चुलीच्या कडेला वाळत ठेवू नये, त्याचा आकार बिघडतो. डांबरी रस्ता उन्हात लवकर वितळू नये म्हणून डांबरातही हाच पदार्थ मिसळतात.

इथेही लांबी सगळं ठरवते. साखळी फार आखूड असेल तर भांडण किरकोळ राहतं, तुकडे एकमेकांत मिसळूनच राहतात, गाठ होतच नाही. लांबी पुरेशी झाली की गाठी होतात. आणखी लांब केली की गाठी मोठ्या होतात आणि एकमेकींपासून दूर जातात, पण लांबीच्या पटीत नाही. साखळी ८ पट लांब केली तर अंतर साधारण ४ पट वाढतं. तुकड्यांच्या प्रमाणावर आकार ठरतो. कडक तुकडा थोडा असेल तर गोळे होतात, जरा जास्त असेल तर काड्या, निम्मानिम्मा असेल तर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर.

अशा साखळ्या नीट मापात करण्याची वाट १९५६ साली अमेरिकेत सिरॅक्यूझ इथे मायकेल श्वार्त्झ यांनी दाखवली. त्यांच्या पद्धतीने सगळ्या साखळ्या जवळजवळ एका लांबीच्या होतात. पुढे १९६०च्या दशकात असं रबर बाजारात आलं. पुष्कळ वर्षं समज असा होता की सुबक जुळणी हवी तर साखळ्या सारख्याच हव्यात, लहानमोठ्या झाल्या की घडी विस्कटणार. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क हिलमायर आणि त्यांचे सहकारी लिंड यांनी हे मुद्दाम तपासलं. त्यांनी एका तुकड्याची लांबी हळूहळू जास्त असमान करत नेली. २००५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. घडी विस्कटली नाही. साखळ्या असमान असूनही जुळणी झाली, फक्त घड्यांमधलं अंतर वाढलं, आणि काही वेळा प्रमाण तेच असूनही आकार बदलला.

हे का होतं, ते पंगतीच्या भात वाढण्यासारखं आहे. भांड्यातली जागा सगळीकडून भरायची असते, मध्ये पोकळी चालत नाही. सगळ्या साखळ्या सारख्या असल्या तर गाठीच्या मधोमध पोचायला प्रत्येकीला ताणावं लागतं. लहानमोठ्या असल्या तर लांब साखळ्या आतपर्यंत पोचतात, आखूड साखळ्या काठाजवळची जागा भरतात, कुणालाच फार ताण पडत नाही. म्हणून असमानपणा हा दर वेळी दोष नसतो. तो किती आणि कुठल्या तुकड्यात आहे हे मात्र माहीत असावं लागतं. तसा तो हवा तो गुण आणायलाही वापरता येतो.

आता परत आपल्या साबणाच्या साच्याकडे. आम्ही अंगाच्या साबणासाठी १ किलो तेलाचं असं प्रमाण सुचवतो: खोबरेल ३०० ग्रॅम, पामतेल ६०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. एरंडेल फेस टिकवून धरतं, पण जास्त घातलं तर वडी चिकट होते. आता प्रत्येक तेलाचं कॉस्टिक वेगळं काढायचं. खोबरेलाचे ५५, पामचे ८५, एरंडेलाचे १३. बेरीज १५३. त्यातून ५ टक्के वजा केले की १४५ ग्रॅम. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे २९० ग्रॅम. तेलाचं प्रमाण पाव किलोनेही बदललं तरी ही बेरीज नव्याने मांडायची. मागच्या वेळच्या वहीतला आकडा उचलायचा नाही. तेलही मापट्याने मोजायचं नाही, वजनावरच घ्यायचं. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा गटाने सामायिक पैशांतून घ्यावा, तो खर्च लवकर वसूल होतो.

हाताळताना काळजी घ्या. कॉस्टिक नेहमी पाण्यात हळूहळू घालायचं. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं घ्या, अॅल्युमिनियमचं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा घाला, काम मोकळ्या हवेत करा, मुलांना लांब ठेवा. अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवत राहा. डोळ्यात गेलं तर धुवत धुवतच दवाखाना गाठा. उरलेलं कॉस्टिक घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, पिण्याच्या पाण्यापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. उघडं राहिलं की ते हवेतली ओल ओढतं आणि पुढच्या वेळी तुमचं माप चुकवतं.

साच्यातून वडी एक-दोन दिवसांनी काढली तरी लगेच विकायची नाही. हवेशीर जागी ४ आठवडे वाळू द्या. मग ओल्या वडीवर पीएच पट्टी लावून बघा. ९ ते १० आलं तर ठीक, ११च्या वर गेलं तर ती वडी विक्रीला काढू नका. आणि विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या परवान्याची चौकशी आधी करा.

येत्या बैठकीत एक काम कराल का? प्रत्येक गटाने आपल्या साबणाच्या वहीत तेलांची नावं आणि त्यापुढे प्रत्येकाचं किलोमागचं कॉस्टिक असा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवा आणि बेरीज दोघींनी वेगवेगळी करा. दोन्ही बेरजा जुळल्या तरच कॉस्टिकचा डबा उघडा. उद्या खोबरेलाचा भाव चढो की उतरो, हवं ते तेल घ्या, फक्त त्याच्या साखळीप्रमाणे माप घ्या.

तुमच्या गटाचं प्रमाण काय आहे, कुठलं तेल तुमच्याकडे स्वस्त मिळतं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्याची बेरीज मांडून दाखवू. नमस्कार.